समूहस्तोत्र वाद्यांस द्यावें काय ?

पाश्चात्य मंदिरसंगीतांतील एखादें जुनें समूहस्तोत्र घ्यावें, त्यांतील गाणाऱ्यांचे कंठ बाजूस ठेवावे, आणि तेंच स्तोत्र व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट अशा वाद्यांसाठीं नव्यानें मांडून शाळेच्या मुलांकडून वाजवून घ्यावें, हें योग्य कीं अयोग्य, असा प्रश्न ख्रिस्ती शाळांतून अधूनमधून निघत असतो. दोन्ही बाजूंचीं माणसें श्रद्धाळू असतात, म्हणूनच हा वाद लवकर मिटत नाहीं. एक पक्ष म्हणतो, शब्द हाच स्तोत्राचा प्राण. शब्द काढून घेतला कीं मागें उरतो तो नुसता नाद, आणि नाद तर लग्नाच्या वरातींतही असतो. दुसरा पक्ष म्हणतो, चांगलें संगीत तें चांगलेंच. तें गळ्यांतून निघालें काय आणि नळींतून निघालें काय, ऐकणाऱ्याच्या मनास उन्नति मिळाली म्हणजे झालें. आम्ही या वादांत दुसऱ्या पक्षाकडून बोलणार आहों. परंतु त्या पक्षाचे लोक जीं कारणें देतात तीं आम्हांस पुरेशीं वाटत नाहींत. आणि त्यांच्या हातून स्तोत्राची जी मांडणी होते ती पुष्कळदां पहिल्या पक्षाचेंच म्हणणें खरें करून दाखविते.

नुसत्या तत्त्वावर वाद घातला तर तो शब्दांचा खेळ होतो. म्हणून एक रचना समोर ठेवून बोलूं. जर्मनींतील लाइप्झिग शहरीं सेंट थॉमस नांवाची फार जुनी शाळा आहे. तिची स्थापना १२१२ सालची. या शाळेचा मुख्याध्यापक योहान हाइन्रिख एर्नेस्टी हा १६८४ सालापासून त्या जागेवर होता. १७२९ च्या ऑक्टोबर महिन्यांत तो वारला, तेव्हां त्याच्या अंत्यविधीसाठीं शाळेच्या संगीतशिक्षकानें एक मोटेट, म्हणजे शास्त्रवचनावर रचलेलें समूहगीत, तयार केलें. हा संगीतशिक्षक म्हणजे योहान सेबास्टियन बाख. आज ज्याचें नांव सर्व जगांत घेतलें जातें तो पुरुष १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, एका शाळेच्या नोकरींत होता, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बाख यानें घेतलेलें वचन रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायांतील २६ वें व २७ वें. त्यांचा आशय असा कीं, आपण दुर्बळ आहों, प्रार्थना कशी करावी हेंही आपणांस नीट उमगत नाहीं; अशा वेळीं पवित्र आत्मा आपल्या साह्यास येतो आणि शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनीं आपल्यासाठीं मध्यस्थी करतो. रचना दोन गायकवृंदांसाठीं आहे. प्रत्येक वृंदांत सोप्रानो, आल्टो, टेनर व बेस असे चार आवाज, मिळून आठ. आपल्या उपासनेंत स्तोत्रसंहितेंतील वचनें पुढारी आणि मंडळी आळीपाळीनें वाचतात, त्याच रीतीनें हे दोन वृंद एकमेकांचें म्हणणें उचलतात, त्यांत भर घालतात, कधीं एकमेकांवर चढून बोलतात, आणि शेवटीं दोन्ही मिळून चार आवाजांचा एकच वृंद होतो.

आतां आमच्या विषयाशीं जिचा संबंध आहे ती गोष्ट. या मोटेटाच्या वाद्यांसाठीं केलेल्या प्रतीही आज उपलब्ध आहेत. त्यांवरून दिसतें कीं पहिल्या वृंदाबरोबर तंतुवाद्यें होतीं : दोन व्हायोलिनें, एक व्हियोला व एक चेलो. दुसऱ्या वृंदाबरोबर सुषिरवाद्यें होतीं : दोन ओबो, त्याच जातीचा एक अधिक खालच्या आवाजाचा टेनर ओबो, आणि एक बासून. खालीं ऑर्गनचा आधार होताच. यांतील प्रत्येक वाद्य आपापल्या गायकाचेच स्वर वाजवितें. सोप्रानो जें गाते तेंच पहिलें व्हायोलिन वाजवितें. बेस जें गातो तेंच दुसरीकडे बासून वाजवितो. म्हणजे वाद्यांस स्वतःचें असें निराळें कांहीं सांगावयाचें नाहीं. आवाज पुढें चालतो आणि वाद्य त्याच्या सावलीसारखें मागून जातें.

हें कळल्यावर प्रश्नाचें स्वरूपच पालटतें. या मोटेटांतून गायक उठून गेले तरी त्यांचा एकही स्वर त्यांच्याबरोबर जात नाहीं. आठही ओळी वाद्यांच्या हातीं पूर्ण राहतात, आणि तेंही रचनाकाराच्याच योजनेप्रमाणें. अशी रचना वाद्यांवर वाजविणें म्हणजे तिच्यावर जबरदस्ती करणें नव्हे. उलट कांहीं रचना अशा आहेत कीं त्यांतून आवाज काढला असतां भगदाड पडतें. हँडेल याचें राज्याभिषेकाचें सादोक याजकावरील स्तोत्र हें याचें उत्तम उदाहरण होय. तें ११ ऑक्टोबर १७२७ रोजीं इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या अभिषेकप्रसंगीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें प्रथम गाइलें गेलें, आणि पुढें तिकडील राज्याभिषेकांत तें गाण्याचा परिपाठ पडून २०२३ सालींही तें गाइलें गेलें. त्याची कीर्ति मोठी, म्हणून वाद्यवृंद हातीं आला कीं जो तो प्रथम त्याच्याकडे धांव घेतो. परंतु त्याची रचना पाहावी. आरंभीं बराच वेळ व्हायोलिनें स्वरसंवादाचे तुकडे वरखालीं फिरवीत राहतात, खालचीं वाद्यें एका संथ ठेक्यांत त्यांस आधार देतात. श्रोत्याची उत्कंठा ताणली जाते. आणि मग एकाएकीं सात आवाजांचा वृंद व त्याबरोबरच कर्णे व नगारे एकदम कोसळतात. त्या क्षणाचें सारें सामर्थ्य यांत आहे कीं तोंवर मनुष्याचा आवाज ऐकूं आलेला नाहीं. तो आवाज काढून त्याच्या जागीं चार क्लॅरिनेटें बसविलीं तर काय झालें? वाद्यें वाजत होतीं, आणखी वाद्यें वाजूं लागलीं, इतकेंच. ज्या अध्यायावरून हें स्तोत्र घेतलें आहे त्याच अध्यायांत, १ राजे याच्या पहिल्या अध्यायांत, शलमोनाच्या अभिषेकानंतर लोक पावे वाजवीत निघाले असें वर्णन आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण पाव्यांचा उल्लेख आहे म्हणून तें स्तोत्र पाव्यांस मानवतें असें होत नाहीं.

हँडेल यास हा भेद चांगला कळत होता असें त्याच्याच दुसऱ्या एका उद्योगावरून दिसतें. १७४७ व १७४८ च्या सुमारास त्यानें आपल्या मोठ्या धर्मगीतांच्या प्रयोगांत मध्यें वाजविण्यासाठीं दोन सुषिरवृंद व तंतुवाद्यें यांचे कांहीं कन्सर्टो रचले. त्यांत त्यानें आपलींच जुनीं समूहगीतें शब्दांवांचून वाद्यांस दिलीं. 'मसीहा' या त्याच्या जगप्रसिद्ध धर्मगीतांतील, यशयाच्या ४० व्या अध्यायावर रचलेलें परमेश्वराच्या गौरवाचें समूहगीत हें अशांपैकींच एक. १७४२ सालीं डब्लिन शहरीं जें गायकांनीं गाइलें, तें पांचसहा वर्षांच्या आंतच ओबो आणि बासून लंडनच्या श्रोत्यांपुढें वाजवीत होते, आणि तेंही खुद्द रचनाकाराच्या आज्ञेनें. स्तोत्र वाद्यांस देणें हा आधुनिकांचा उच्छृंखलपणा आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. त्यानें सादोक याजकाचें स्तोत्र या कामीं घेतलें नाहीं. ज्यांत आवाजांची गुंफण हेंच मुख्य काम आहे अशीं गीतें घेतलीं, हेंही लक्षांत घ्यावें.

परंतु पहिल्या पक्षाच्या आक्षेपास एवढ्यानें उत्तर मिळत नाहीं. त्यांचें म्हणणें संगीताविषयीं नाहीं, वचनाविषयीं आहे. वचन ऐकूं आलें नाहीं तर उपासना कसली? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. आमच्या मराठी मंडळींत तर शब्दाचें माहात्म्य विशेष आहे. नारायण वामन टिळकांच्या हातून आम्हांस जीं भजनें मिळालीं त्यांत चाल शब्दांच्या पाठोपाठ चालते. कीर्तनांत तर शब्द हा धनी आणि ताल हा चाकर. अशा संस्कारांत वाढलेल्या पालकांस, आपलीं मुलें अर्धा तास गंभीरपणें कांहीं वाजवीत आहेत आणि त्यांत येशूचें नांव एकदांही ऐकूं येत नाहीं, हें खटकल्यास त्यांत नवल नाहीं.

यावर आमचें उत्तर प्रथम त्या वचनांतच आहे. पौल तेथें ज्या प्रार्थनेविषयीं बोलतो ती शब्दांची प्रार्थना नव्हे. मनुष्याचे शब्द जेथें खुंटतात तेथून पुढील गोष्ट तो सांगत आहे. बाख यानेंही त्या ठिकाणीं उसाशाच्या शब्दावर स्वर अडखळत, लांबवीत नेले आहेत. तेथें गायकही सांगण्यापेक्षां कण्हतच अधिक असतो. एखादें वचन शब्दांवांचून वाजविण्याचा अधिकार कोणत्याही वचनानें दिला असेल तर तो याच वचनानें. म्हणून आम्ही म्हणतों कीं सर्व स्तोत्रांस एकच नियम लावूं नये. वधस्तंभाची कथा सांगणारें, वाद घालणारें, आज्ञा देणारें स्तोत्र असेल तर तें गाइलेंच पाहिजे. तें वाद्यांवर वाजविणें म्हणजे पत्र न वाचतां पाकीट फिरविण्यासारखें आहे. जें स्तोत्र स्तुति करतें, शोक करतें, विनवणी करतें, तें वाद्यांस देतां येतें.

उत्तराचा दुसरा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. शब्द तोंडांतून गेला म्हणून तो वाजविणाऱ्याच्या हातांतून जाण्याचें कारण नाहीं. तो जातो तो मांडणी करणाऱ्याच्या आळसामुळें. आजकाल अशा मांडणीच्या प्रती तयार करतांना प्रथम काय होतें, तर स्वर तेवढे उतरून घेतात आणि त्यांखालील शब्द गाळतात. वाद्यास शब्दांचें काय प्रयोजन, असें म्हणतात. येथेंच सर्व नासतें. जर्मन भाषेंत 'शब्दांत न मावणारा' या अर्थाचा मूळ शब्द पांच अक्षरांचा आहे व त्याचा जोर मध्यावर पडतो. गायक तो म्हणतो तेव्हां पांच वेळां ओठ व जीभ हलते, आणि मधल्या अक्षरावर छातीचा भार पडतो. व्हायोलिन वाजविणाऱ्या मुलापुढें नुसते स्वर ठेवले तर तो ते सगळे एका गजांत गोड करून ओढील. क्लॅरिनेटवाला एका फुंकींत सोडून देईल. ऐकावयास कदाचित् बरेंही लागेल, पण तो उच्चार राहिला नाहीं. म्हणून आमच्या मतें पहिला नियम हाच, कीं वाद्याच्या प्रत्येक प्रतींत स्वरांखालीं शब्द लिहावे, जर्मन उच्चार देवनागरींत लिहून त्याखालीं मराठी अर्थ लिहावा, आणि मुलांनीं वाद्यास हात लावण्यापूर्वीं तें सर्व मोठ्यानें ठेक्यांत म्हणावें. मग एका अक्षरास एक गज, किंवा जिभेचा एक आघात. आणि जेथें एकच अक्षर अनेक स्वरांवरून धांवत जातें, जसें या मोटेटाच्या आरंभीं 'आत्मा' या अर्थाच्या शब्दावर जातें, तेथें ते सारे स्वर एकाच बांधणींत. गजाच्या खुणा कशा कराव्या असा प्रश्न मग उरतच नाहीं. त्या वचनानेंच करून ठेवलेल्या असतात.

श्वासाचेंही तसेंच. सुषिरवाद्य वाजविणाऱ्यास गायकाप्रमाणेंच दम घ्यावा लागतो, त्यामुळें तो निदान कोठें तरी थांबतो. तंतुवाद्यास दम लागत नाहीं. गज उलटसुलट फिरवीत रात्रभर वाजवितां येईल. हें त्या वाद्याचें भूषण खरें, पण येथें तोच दोष ठरतो. जेथें वाक्य संपतें तेथें व्हायोलिनानें गज तारेवरून क्षणभर उचललाच पाहिजे. समोरासमोर बसलेल्या दोन वृंदांपैकीं एक श्वास घेत आहे आणि दुसरा घेत नाहीं, असें झालें म्हणजे तो संवाद राहत नाहीं. एक मनुष्य यंत्राशीं बोलत आहे असें वाटतें.

पट्टीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण शाळांतून भांडण बहुधा येथूनच सुरू होतें. हा मोटेट ज्या पट्टींत आहे तिला आपल्याकडील पेटीवाले काळी पांच म्हणतात. व्हायोलिनाच्या चार मोकळ्या तारांपैकीं पांढरी तीनची तार या पट्टीच्या सप्तकांत बसत नाहीं, आणि पहिलें बोट वारंवार मागें सरकवावें लागतें. नवशिक्या मुलांस तें जड जातें. त्यांचे शिक्षक म्हणतात, पट्टी चढवून पांढरी दोन करा, मग मोकळ्या तारा खणखणीत वाजतील. क्लॅरिनेटाचें अगदीं उलट आहे. नेहमींच्या क्लॅरिनेटास कागदावर पांढरी एक लिहिली म्हणजे कानास काळी पांच ऐकूं येते. तेव्हां मूळ पट्टी ही त्याच्या घरचीच पट्टी. पांढरी दोन केली कीं त्याच्या पानावर चार तीव्र खुणा येऊन पडतात व बिचारा घाबरतो. आमचें मत मूळ पट्टी ठेवण्याकडे आहे. व्हायोलिनवाल्या मुलांनीं महिनाभर अधिक सराव करावा. त्यांस खालच्या बोटाची संवय केव्हां तरी करावीच लागणार आहे. शिवाय पट्टी चढविली कीं तारा चकाकूं लागतात, आणि अंत्यविधीच्या प्रार्थनेस तो चकचकाट शोभत नाहीं.

वाद्यें बदलावीं लागतात हें उघड आहे. ओबो आणि बासून हीं आपल्याकडील शाळांत मिळणें कठीण. बँडमुळें क्लॅरिनेट व युफोनियम मिळूं शकतात. वरच्या दोन ओबोंच्या ठिकाणीं क्लॅरिनेटें, बासूनच्या ठिकाणीं युफोनियम, ही योजना चालण्यासारखी आहे. मात्र आल्टोची ओळ बांसरीच्या जातीच्या फ्लूटास देऊं नये, कारण त्याचे खालचे स्वर इतके क्षीण असतात कीं ती ओळ सभागृहाच्या तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोंचत नाहीं. ट्रंपेट हातीं आहे म्हणून तो कोठें तरी घुसविण्याचा मोह टाळावा. अशा अदलाबदलीस कोणी नाक मुरडील तर त्यास मोत्सार्ट याचें उदाहरण सांगावें. १७८९ सालीं व्हिएन्ना येथें त्यानें हँडेलचा 'मसीहा' जर्मन शब्दांवर नव्यानें मांडला, तेव्हां हँडेलनें ज्यांची योजना केली नव्हती अशीं क्लॅरिनेटादि सुषिरवाद्यें त्यांत घातलीं. आणि शेवटल्या कर्ण्याविषयींच्या गीतांतील कठीण ट्रंपेटवादनाचा कांहीं भाग हॉर्न या वाद्याकडे दिला, कारण तसें उंच व नाजूक ट्रंपेट वाजविण्याची जुनी विद्या तोंवर लोपत चालली होती. मोत्सार्टनेंही जें हाताशीं होतें त्यावर भागविलें. त्याची ती मांडणी मात्र आमच्या कानास कित्येक ठिकाणीं अंमळ भरजरी वाटते, हेंही जातां जातां नमूद करतों.

आतां पालकांस उद्देशून. इतका खटाटोप शाळेनें करावा कशासाठीं? गाणारीं मुलें आहेत, त्यांस गाऊं द्यावें. न गाणाऱ्यांनीं ऐकावें. ही व्यवस्था वरवर पाहतां सरळ दिसते. २३ ऑगस्ट १७३० रोजीं, म्हणजे वरील अंत्यविधीस वर्षही पुरें झालें नव्हतें तेव्हां, बाख यानें लाइप्झिगच्या नगरसभेस एक लांबलचक अर्ज लिहिला. मंदिराच्या संगीतास माणसें कशीं अपुरीं पडतात हें त्यांत सांगून त्यानें शाळेंतील मुलांची नांवनिशीवार प्रतवारी केली : उपयोगी १७, अद्याप उपयोगी नव्हेत अशीं २०, आणि अपात्र १७. मिळून ५४. हे आंकडे वाचतांना कोणत्याही शिक्षकास अवघडल्यासारखें वाटेल. जवळजवळ तिसरा हिस्सा अपात्र! बाखची अडचण खरी होती, व नगरसभेस ती दाखविण्याचा त्यास हक्क होता. पण त्या १७ मुलांच्या घरीं ती यादी कोणीं वाचून दाखविली असती तर त्यांच्या आईबापांस काय वाटलें असतें?

त्याच अर्जांत एक दुसरें वाक्य आहे, त्याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. चांगले वादक मिळत नसल्यामुळें दुसरें व्हायोलिन बहुतेक वेळां, आणि व्हियोला, चेलो व त्याहून मोठें खर्जाचें तंतुवाद्य हीं तर नेहमींच, आपणांस शाळेच्या मुलांकडून वाजवून घ्यावीं लागतात, असें तो म्हणतो. त्यास ही तक्रार वाटली. आम्हांस तींत एक वाट दिसते. ज्या संगीतापुढें आज मोठमोठे पंडित मान तुकवितात तें व्हियोलावर प्रथम वाजविणारे हात पुष्कळदां शाळकरी मुलांचे होते.

मुलाचा आवाज इयत्ता सातवी ते नववीच्या दरम्यान फुटतो. काल जो देवळांत सर्वांत पुढें उभा राहून गात होता त्यास आज मागें बसविलें जातें. त्याचा कांहीं अपराध नसतो, पण त्याच्या तोंडावर अपराध्याची कळा येते. पुढें आवाज स्थिर होतो, परंतु त्या दोन-तीन वर्षांत तुटलेला धागा कित्येकांच्या बाबतींत पुन्हां जुळत नाहीं. तो मुलगा उपासनेंतही गप्प राहावयास शिकतो. खुद्द बाखचें उदाहरण पाहावें. वयाच्या १५ व्या वर्षीं, १७०० सालीं, तो ल्यूनेबुर्ग येथील सेंट मायकेलच्या शाळेंत गायक म्हणून आला. त्याचा आवाज फार सुरेख होता असें सांगतात. पण थोड्याच दिवसांत तो फुटला. गळा गेला, तरी बोटें राहिलीं होतीं. ज्या मुलाच्या हातीं दुसरें कांहीं दिलेलें नाहीं त्याच्यापाशीं काय राहतें, हा विचार पालकांनीं व शिक्षकांनीं करावा. 'आमच्या पोराला गळा नाहीं' असें आईबाप हंसत हंसत चारचौघांत बोलून जातात. मूल तें विसरत नाहीं.

म्हणून आम्हांस वाद्यांची मांडणी हवी ती संमेलनांत पाहुण्यांस थक्क करण्यासाठीं नव्हे. समूहस्तोत्राच्या आठ ओळींत, ज्यास गातां येत नाहीं त्यालाही एक जागा मिळावी, आणि ती जागा भरताडाची नसावी, यासाठीं. येथें बाखची निवड आणखी एका कारणानें योग्य ठरते. सामान्य मांडणींत पहिल्या व्हायोलिनास चाल मिळते, आणि व्हियोलावाला मुलगा पानभर एकच स्वर घाशीत बसतो. तीन महिने सराव करून घरीं आईस वाजवून दाखविण्याजोगें त्याच्याकडे कांहीं नसतें. या मोटेटांत तसें नाहीं. व्हियोलाची ओळ म्हणजे एका गायकाची ओळ. तिला स्वतःचें वाक्य आहे, त्या वाक्याचा आरंभ व शेवट आहे. पुढील फ्यूगांत, म्हणजे जेथें एकच वाक्य चार आवाज एकामागून एक उचलतात त्या भागांत, ज्याची पाळी येते तो घटकाभर सर्वांचा पुढारी होतो. शिक्षकांनीं मात्र हुशार मुलें सारीं पहिल्या व्हायोलिनावर बसवूं नयेत.

ही कला आपल्या लोकांस परकी आहे असेंही नाहीं. पोर्तुगीज अमदानींतील गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत, आणि त्या शाळांतून निघालेल्या कित्येकांनीं पुढें मुंबईस हिंदी चित्रपटांच्या गाण्यांची वाद्यांसाठीं मांडणी केली. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांपैकींच. त्यांचे वडील गांवच्या चर्चमध्यें गायकवृंद चालवीत, व मुलानें १९५८ सालीं मुंबईंत भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. १९७७ सालच्या एका चित्रपटांतील गाण्यानें त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें, परंतु तें एका खऱ्या संगीतज्ञाचें नांव आहे हें फार थोड्यांस माहीत असतें. ज्यास दहा वाद्यांस दहा ओळी लिहून देतां येतात असा मनुष्य आपल्या मंडळींत शोधूं गेल्यास अजूनही सांपडेल. त्यास बोलावून मुलांसमोर बसवावें.

राहतां राहिली प्रत्यक्ष उपासनेंतील व्यवस्था. वाद्यें सुरू होण्यापूर्वीं तीं दोन वचनें मराठींत सावकाश वाचावीं, आणि वाचून झाल्यावर क्षणभर थांबावें. आपल्याकडे सनईवाला ओळखीच्या अभंगाची चाल धरतो तेव्हां ऐकणाऱ्यांचे ओठ आपोआप हलूं लागतात, कारण शब्द त्यांच्या मनांत आधींपासून असतात. येथेंही तेंच साधावयाचें आहे. हँडेलच्या श्रोत्यांतील पुष्कळांस ते शब्द पाठ असावेत. आमच्या श्रोत्यांस ते द्यावे लागतील. रचनेच्या शेवटीं एक कोराल, म्हणजे मंडळीच्या गायनांतील सोप्या चालीचें गीत आहे. तें लूथरच्या १५२४ सालच्या पवित्र आत्म्याच्या गीताचें तिसरें कडवें होय. हें वाद्यांवर वाजवूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याची चाल संथ आहे. चार-पांच रविवार आधीं मंडळीस शिकवून ठेवावी, कडव्याचें मराठी रूपांतर आपल्या पाळकांकडून करून घ्यावें, आणि फ्यूग संपतांच वादकांनीं वाद्यें मांडीवर ठेवून सर्वांबरोबर उभें राहावें. मुलांस सूर थोडा वरखालीं लागला तरी तेवढ्यासाठीं कोणास बाजूस उभें करूं नये. ऑर्गन किंवा पेटी यांचा धीमा आधार पुरे.